रविवारचा फोन

धोतराच्या सोग्यानं मोबाईल पुसायचा, डोक्यावरची टोपी काढून खडकावर ठेवायची, त्या टोपीत मोबाईल ठेवायचा आणि म्हणायचं, "वाजला तर वाजला." तात्यांचं हे रोज सकाळचं काम.

आमची वाडी पासली गावाच्या वरच्या अंगाला. रेंज फक्त त्या खडकावर. तुमच्याकडेही अशी एखादी जागा असेल, जिथं अख्खं गाव मोबाईल उंच धरून उभं राहतं. मी अंगणवाडी सेविका, चाळिशीत बी.ए. करायचं खूळ डोक्यात घेतलेलं. मानसशास्त्राच्या नोट्स उतरवून घ्यायला मी तिथं जायचे, तात्या लेकीच्या फोनसाठी यायचे. स्वतः कधी लावायचे नाहीत. "लेकीच्या सासरी बापानं फोन करावा व्हय? बरं दिसत न्हाई." लेक पुण्याकडे दिलेली, कामाला जाणारी. तिचा फोन कधी दोन दिवसांनी यायचा, कधी पंधरा.

मी मोठ्यानं वाचायचे, ते ऐकायचे. प्रबलनाची वेळापत्रकं चालली होती, म्हणजे बक्षीस केव्हा द्यायचं त्याचे प्रकार. कबुतर बटणावर चोच मारतं. दाणा ठरल्या वेळी मिळत असेल तर त्या वेळेच्या आसपासच मारतं. कधीही अवचित मिळत असेल तर मारतच राहतं.

"मग त्या पाखराला कुणी सांगत का न्हाई, कवा मिळणार ते?"

"तात्या, ते पाखरू म्हणजे तुम्हीच."

ते पोट धरून हसले. "मग माझा दाणा ठरवून द्या की, बाई."

मी मोठी शहाणी. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांची कीव आली म्हणून मीच लेकीला फोन लावला, दर रविवारी नऊला करत जा म्हणून सांगितलं. तिनं ते पाळलं. तात्या फक्त रविवारी वर यायला लागले. बाकी दिवस मोबाईल घरातल्या कोनाड्यात. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे घडलं म्हणून मी खूश.

एका बुधवारी लेकीला तापानं दवाखान्यात नेलं. गुरुवारी तिचा दीर जीप घेऊन आला, ती गेल्याचं सांगायला. तात्या तसेच निघाले. मोबाईल कोनाड्यातच राहिला.

रविवारी नऊला ते खडकावर आले. मोबाईल टोपीत ठेवला आणि तो थरथरायला लागला, एकामागून एक मिस्ड कॉलचे मेसेज. वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी माझ्या हातात दिला. सगळे बुधवारचे. तिनं सात वेळा फोन लावला होता.

"किती बारी केला तिनं?"

"एकदाच, तात्या."

त्यांनी मोबाईल परत घेतला. "एवढा येळ वाजत हुता की."

मी रडत म्हणाले, माझ्यामुळं झालं. ते म्हणाले, "न्हाई बाई. तुमी चांगल्यासाठीच केलं." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा रोज यायला लागले. टोपी, मोबाईल, सगळं तसंच. दाणा कायमचा बंद झाला की पाखरू हळूहळू चोच मारायचं थांबतं, असं पुस्तकात आहे. परीक्षेत नेमकं तेच आलं. मी तसंच लिहिलं आणि पास झाले. तात्या थांबले नाहीत.

भातकापणीच्या सुमारास त्यांनी अंथरूण धरलं. एका सकाळी त्यांच्या दारावरून जाताना हाक आली. "बाई, वर निगालाच हाय तर ह्यो घिऊन जा." टोपीसकट मोबाईल माझ्या हातात दिला. "वाजला तर वाजला."

मी खडकावर टोपी ठेवली, टोपीत मोबाईल ठेवला आणि तासभर बसले. त्यांना काय सांगायचं ते ठरवत खाली आले, तर दारात माणसं जमलेली.