कोपऱ्यावरचं नख

कुठलीही वस्तू हाती आली की उस्मानचाचा आधी तिचा कोपरा नखानं उकरून बघत. नाशकात भद्रकालीत त्यांचं वह्या-पोथ्या बांधायचं दुकान. दुसऱ्या महायुद्धाच्या पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट. मी माझा कॅमेरा त्यांना दाखवला, तर भिंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यात नख घातलं. "फोटोवाले, कातडं सुटलंय. पाणी शिरलं की लाकूड फुगणार, अन् लाकूड फुगलं की तुमचा धंदा बसणार!"

खरंच होतं. गोदाकाठी यात्रेकरूंचे फोटो काढायचे, त्यावर घर चालायचं. दुसरा कॅमेरा घ्यायची ऐपत कुठली!

चाचांनी बकऱ्याचं चामडं पातळ तासलं, गव्हाच्या खळीनं चिकटवलं आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "आता मी जाईन, हे नाही जायचं." दोन महिन्यांत झुरळांनी कडा फस्त केल्या! मी तणतणत गेलो. वाटलं, म्हातारा सबबी सांगेल.

"चूक माझीच," ते म्हणाले. "पोथीच्या खळीत मी मोरचूद घालतो. हा कॅमेरा रोज तुमच्या तोंडाशी येतो, म्हणून विष टाळलं. आता कमीत कमी किती लागतं ते बघतो."

मग त्या हट्टी माणसानं चार फळ्यांवर चामडं चिकटवलं, प्रत्येकीत मोरचुदाचं प्रमाण वेगळं, आणि अख्खा पावसाळा त्या पागोळ्यांखाली टांगल्या. मी तोवर कॅमेरा मेणकापडात गुंडाळून दिवस काढले. लोक चिडवत, "चाचा, फळ्या वाळत घातल्यात की भिजत?"

"परीक्षा चाललीय. गडबड करू नका."

दोन फळ्या झुरळांनी कुरतडल्या, त्या नापास झाल्या. उरलेल्या दोघींत जिला विष कमी, तिची खळ दिवाळीनंतर माझ्या कॅमेऱ्याला लागली. मी आनंदानं म्हटलं, "बसा चाचा, पहिला फोटो तुमचाच."

"अंहं! एक पावसाळा जाऊ द्या. टिकलं तर बसेन. कच्च्या कामासमोर तोंड काय दाखवायचं?"

किती विनवलं, ऐकतील तर शपथ. पुढच्या श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि चाचा गेले. जबरदस्तीनं बसवलं का नाही, म्हणून मी आजही स्वतःला शिव्या घालतो.

दसऱ्याला पूजेसाठी कॅमेरा पुसला. चारही कोपऱ्यांवर नख लावून पाहिलं. कुठंच शिरेना. म्हातारा पास झाला होता, फोटोला बसायला मात्र उरला नव्हता. नाशकातल्या निम्म्या घरांत माझे फोटो आहेत, चाचांचा एकही नाही. म्हणून हे लिहिलं.