दामूनानांचा गळका पंप

दामूनाना गेले त्या सकाळी मी त्यांच्याकडेच निघालो होतो, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन. द्राक्षबागेत औषध मारायला असतो तोच, पण आमच्या पंपात फक्त पाणी. आदल्या संध्याकाळी नाना वैतागून म्हणाले होते, "वॉशर पुन्हा गळतोय. उद्या घरी आण, एकदाचा बदलून टाकू." पंचवटीतल्या त्यांच्या गल्लीत शिरलो तर दाराशी चपलाच चपला... लोक माझ्याकडे बघत राहिले, हा इथं काय फवारायला आलाय म्हणून. काकू आतून म्हणाल्या, "पंप ठेव बाबा खाली. गेले ते." झोपेतच हृदय थांबलं. आमच्या कामातल्या धुळीचा काही संबंध नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण भेटेल तो तेच विचारतो आणि मला चीड येते.

मी किनवटकडचा. नववीत शाळा सुटली, कामासाठी नाशिकला आलो, तेव्हा इथं ओळखीचं कोणी नव्हतं. नानांनी पहिली काही वर्षं गच्चीवरच्या खोलीत ठेवून घेतलं, काकूंनी जेवू घातलं. ते उपकार फेडायचे राहूनच गेले. नाना रंगकाम करायचे, पण त्यांच्या वाट्याला यायची ती जुनी दाणेदार छतं आणि खरबरीत भिंती. कोणीतरी एकेकाळी हौसेनं करून घेतलेल्या, आता धूळ आणि जाळी धरून बसलेल्या. लोकांना त्या खरवडून हव्या असायच्या, तेही लगेच. नानांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी भिजव." सामान बाहेर, खाली प्लास्टिक, पंखे बंद, तोंडाला चांगला मास्क, आणि पाणी मुरेपर्यंत लोखंडी पट्टीला हात लावायचा नाही. मी मूळचा घाबरट. एकदा विचारलं, "नाना, यात असतं तरी काय?"

"मला काय माहीत? मारणारा सांगून गेला का? जुन्या मालात काय काय घालायचे... एकदा छातीत गेलं की बाहेर न येणारंसुद्धा. माहीत नाही म्हणून तर भिजवतो, शहाण्या."

आणि शंका जास्त असेल तिथं ते भिजवूनही खरवडायचे नाहीत. आधी तपासून घ्या, नाहीतर त्याला न डिवचता खालून बोर्ड लावून झाकू, म्हणायचे. अशानं किती कामं हातची गेली!

तसे नाना काही फार काटेकोर नव्हते. पहिला पंप त्यांनी पिंपळगावच्या मेहुण्याच्या बागेतून फुकट आणला आणि "धुतलाय रे मी" म्हणत एका साहेबांच्या दिवाणखान्यात चालवला. आत करपा रोगावर मारायचा निळा मोरचूद राहिलेला. छत निळं झालं. बाईसाहेब किंचाळल्या. नाना वर बघत म्हणाले, "आता तुमच्या छतावर करपा पडायचा नाही." ते छत पदरचं घालून पुन्हा करून दिलं, तेव्हा कुठं नवा पंप घेतला. त्याला औषध कधी दाखवलं नाही.

त्यांचं शेवटचं भांडण झालं ते एका शेठशी, त्यांच्या मालकीच्या जवळच्याच हॉलच्या छतावरून. त्या हॉलमध्ये रोज बालवाडी भरते. छताचे दाणे पोरांच्या चटयांवर पडतात. नाना म्हणाले, तपासल्याशिवाय हात लावणार नाही. आणि गेले! दहावं झाल्यावर शेठ मला म्हणाले, "नाना फार हट्टी होता. तू कोरडंच खरवडून टाक. पोरांना सुट्टी आहे दोन दिवस."

माझी निम्मी कामं शेठच्या ओळखीनं येतात. नानांचाच राग आला, हे माझ्या गळ्यात टाकून गेले म्हणून. तरी म्हणालो, "शेठ, यात काय आहे मला माहीत नाही."

"मग?"

"मग... नाही करत."

"काल आलास आणि लगेच नाना झालास? दुसरा बघतो मी."

तिथून निघालो ते थेट बालवाडीच्या बाईंकडे. मला धड समजावताही येईना. बाईंनी ऐकून घेतलं आणि सुट्टी संपल्यावर पोरांना शेजारच्या देवळाच्या ओवरीत बसवलं. शेठला निरोप धाडला, "छताचा निकाल लागेपर्यंत वर्ग इथंच." शेठला दुसरा माणूस मिळायच्या आतच पालक विचारायला लागले. परवा शेठचा फोन आला, "तू आणि त्या बाई मला भिकेला लावा. बोलव कुठला तपासणीवाला असेल तो." मी बोलावलं. तुकडा काढताना जागा ओली हवी, असं तोही म्हणाला. अहवालात काय येईल देव जाणे, मला रात्री झोप नाही. पण निदान कोरडं कोणी खरवडलं नाही.

काल पंप घेऊन नानांच्या ओट्यावर बसलो. नवा वॉशर घातला, पाणी भरलं, पाठीवर घेतला. पुन्हा गळतोच! उलटा करून पाहिलं, तर टाकीच्या बुडाला केसाएवढा तडा. म्हणजे इतकी वर्षं नाना उगाच वॉशर बदलत होते... मी ओरडलोच, "अहो नाना, वॉशर नव्हता तो!" ऐकणार कोण? त्यांचा शर्ट कायम पाठीवर ओला असायचा. बाजाराच्या गर्दीत मी त्यांना त्या डागावरून ओळखायचो.

आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. माझी ओली पाठ बघितली. मग आतून कोरडा पंचा आणून दिला.

"पाठ पूस," म्हणाल्या. "ते कधी ऐकायचे नाहीत."

मी पाठ पुसली आणि तडा बुजवायला बसलो. उद्या सकाळी तपासणीचा तुकडा काढायला हॉलवर पंप लागणार आहे.