बॉल न सोडणारं जाळं

लॅक्रॉस हा शब्द मी चाळिशी उलटेपर्यंत ऐकला नव्हता. लांब काठी, तिच्या टोकाला जाळी. जाळीत रबरी बॉल झेलायचा, तो घेऊन पळायचं आणि काठीच्याच झटक्यानं समोरच्या गोलात मारायचा. आमच्या ब्रह्मपुरीत हा खेळ आला तो काही खेळाच्या प्रेमापोटी आला नाही. कबड्डीत गल्लोगल्ली पैलवान उभे, तिथं आपल्या लेकराचा निभाव कसा लागणार? पण ज्या खेळाचं नावही लोकांना धड घेता येत नाही त्यात राज्यपातळीवर पोचणं सोपं. तिथं पोचलं की सर्टिफिकेट, सर्टिफिकेट असलं की दहावीत वाढीव गुण आणि पुढं भरतीत खेळाडूंची जागा. हे गणित कळल्यावर गावातले आईबाप पोरांच्या हाती काठ्या द्यायला लागले.

माझी पोरगी आठवीत होती आणि तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती नुसती खेळत होती. वर्गातली एक मैत्रीण एटापल्लीकडची, इथं वसतिगृहात राहणारी. ती तिला एकदा गावाबाहेरच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, घेऊन गेली. धान कापून झालेलं, धसकटं खरवडून जागा सपाट केलेली, बांबूचे दोन गोल रोवलेले. शिकवणारी एक तरुण ताई, ती कुठूनतरी बाहेरून हा खेळ शिकून आलेली. वसतिगृहातल्या पोरी आपसात गोंडीत ओरडत पळायच्या, आमचीही पळायची. तिला गोंडी येत नव्हती, पण बॉल कुणाकडे टाकायचा ते बरोबर कळायचं. वाघाच्या भीतीनं उन्हं उतरायच्या आत घरी यायची, तोंड लाल, पाय पांढरे, आणि जेवताना बोलणं थांबत नसे. त्या टीमची कुठं नोंदणी नव्हती, सर्टिफिकेट मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरी टीम माझ्या साडभाऊची. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. क्रीडाशिक्षक, स्वतःचा क्लब, जिल्ह्याच्या संघटनेत उठबस, घर आमच्याच गल्लीत. मी इथल्या कॉलेजात प्रयोगशाळेत परिचर आहे, ती नोकरीही त्याच्या शब्दानं लागली. आणि त्यानं ते आजवर एकदाही बोलून दाखवलेलं नाही. बोलून दाखवणारा माणूस परवडतो, त्याच्याशी एकदा भांडून मोकळं होता येतं. न बोलणाऱ्याचं काय करायचं? अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, तशी माझी गत.

त्याच्या क्लबात मी एकदा डोकावून आलो होतो. सात-आठ पोरी खेळत होत्या, त्या ठरलेल्या. बाकीच्या मैदानाबाहेर गेलेले बॉल आणून द्यायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. त्यांनाही सर्टिफिकेट मिळायचंच. टीमसोबत नाव गेलं की झालं.

मी ठरवलं होतं की गोड बोलून टाळायचं. यंदा अभ्यास आहे, पुढच्या वर्षी बघू, असलं काहीतरी. पण दिवाळीनंतर बायकोच्या माहेरगावी मंडई होती. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावची जत्रा, रात्रीचं नाटक आणि त्याआधी दिवसभर घरोघर पाहुण्यांच्या पंगती. मंडईच्या पंगतीत सोयऱ्यांसमोर जो शब्द निघतो तो दगडावरची रेघ. तिथं लग्नं ठरतात. तिथं नाही म्हणायची रीत नाही.

साडभाऊ भाताचा घास कालवत म्हणाला, "आपली पोट्टी यंदा आपल्या टीममंधी. राज्यापर्यंत नेतो तिले."

सासरे खूश झाले. बायकोच्या बहिणीनं, बायको तिला बाई म्हणते, माझ्या पानात आणखी वडा टाकला. कुणीतरी मला चिडवलं, "ढिवराची पोट्टी हाय, जाळं हाती धरनंच!" सगळे हसले, मीही हसलो. माझा बाप आणि आजा वैनगंगेत जाळं टाकणारे, त्यात खोटं काही नव्हतं. पोरगी पाण्याचा जग घेऊन पंगतीत उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भातात वरण ओढलं आणि जेवत राहिलो.

घरी आल्यावर तिनं एकदाच विचारलं, "बाबा, तुम्ही काऊन काई नाई बोलले?"

मी तिला समजावलं. बांधीकडं वाघ फिरते, सर्टिफिकेट कामी येते, मोठे बाबा, म्हणजे साडभाऊ, मनावर घेऊन करून राह्यले. तिच्यापुढं मोजून ठेवलेली ती कारणं मला माझीच पटत नव्हती. खरं कारण एवढंच होतं की साडभाऊच्या दारावरून मला रोज कॉलेजात जावं लागतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मैदानावर बॉल आणून द्यायला लागली. जेवताना बोलणं बंद झालं.

क्लबातून तिला मिळालेल्या काठीची जाळी फाटकी होती. नवी इथं मिळेना. साडभाऊ म्हणाला, "तुया घरचीच विद्या हाय बाबू, दे विणून."

मला त्याचा आनंद झाला, हे सांगायला आता लाज वाटते. पोरीसाठी काहीतरी मनापासून करायची संधी सापडली होती. बापाची जाळं विणायची लाकडी सुई अजून होती. नायलॉनचा दोरा आणला आणि पडवीत बसलो. हातांना सगळं आठवत होतं. दोऱ्यांमधलं घर लहान ठेवायचं, गाठ ओली करून दातानं ओढायची, आणि जाळ्याला खाली पोट द्यायचं, म्हणजे आत आलेली मासोळी परत फिरत नाही. बापानं पाहिली असती तर शाबासकी दिली असती अशी जाळी झाली. पोरीनं अंगणात बॉल टाकून पाहिला, काठी दोनदा हलवली.

"बाबा, अटकून राह्यला."

"नवीन हाय. सैल होईन," मी म्हणालो.

सामने चंद्रपूरला होते. आम्ही नवराबायको डबा घेऊन गेलो. पोरगी बाकावर, मांडीवर काठी आडवी. सकाळचा सामना झाला, दुपारचा सुरू झाला, तिची काठी मांडीवरच. मग ठरलेल्यांपैकी एकीचा पाय मुरगळला आणि साडभाऊनं हिला हाक मारली. खरं सांगतो, तेवढ्या वेळात मी सगळं विसरलो. ती बांधीत पळायची तशीच पळाली. वरून आलेला बॉल असा झेलला की बाजूचे लोक "वा" म्हणाले. दोघींना चुकवून गोलासमोर आली. गोलात उभी असलेली पोरगी एका बाजूला झुकलेली, दुसरी बाजू उघडी. हिनं काठी फिरवली.

बॉल सुटला नाही.

तिनं पुन्हा झटका दिला. बॉल जाळीच्या पोटात तसाच. तिसऱ्यांदा काठी जमिनीवर आपटली तरी तो आतच. मैदान हसायला लागलं. कोणीतरी ओरडलं, "मासोळी हाय काय बे ते!" साडभाऊ बाहेरून "झटक, झटक" करत होता. समोरच्या पोरी तिच्याभोवती गोळा झाल्या आणि ती मधे काठी धरून उभी. मग तिनं गर्दीत मला शोधलं. रडली नाही. नुसती पाहत राहिली, आणि मला वाटलं जमिनीत जावं.

टीम जिंकली. आठवडाभरानं तिनं काठी माझ्यापुढं आणून ठेवली.

"जाळी काढून द्या. काठी मोठ्या बाबाले परत कराची हाय."

"अन् मंग?"

"मंग काई नाई. मले आता नाई खेलाचं. इथी बी नाई अन् तिथी बी नाई."

ती चिडून म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती वह्यांना कव्हर घालता घालता म्हणाली. दोन टीममधून एक निवडायची होती, आणि मी तिचा खेळच घालवून बसलो होतो.

जाळ्याची गाठ सुटत नाही, कापावी लागते. मी ब्लेड घेऊन पडवीत कापत बसलो होतो तेवढ्यात साडभाऊ आला. हाती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं सर्टिफिकेट आणि पेढे. बायकोनं लगबगीनं चहा ठेवला.

"घे. आपल्या पोट्टीचं. पुढच्या वर्षी अजून एक, मंग पक्कंच. अन् हे काऊन कापून राह्यला?"

"बॉल सुटत नाई भाऊ."

"दुसरी विण मंग."

"विणतो." मी ब्लेड खाली ठेवलं. "पण भाऊ, ती बांधीतल्या टीममंधी खेलन."

चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबली. साडभाऊनं माझ्याकडं नीट पाहिलं.

"आमचं काई चुकलं काय?"

"तुमचं काईच नाई चुकलं."

"तिथी सर्टिफिकेट कोण देईन?"

"कोणीच नाई."

"मंग?"

मी ब्लेड उचलून आणखी एक गाठ कापली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं पेढ्यांचा पुडा खाटेवर ठेवला, चप्पल घातली आणि म्हणाला, "ठीक हाय. पोट्टी तुमची हाय. काठी बी राहू द्या तिच्यापाशी." चहा तसाच राहिला. बाई आता आमच्याकडं येत नाही, बायको माझ्याशी भिंतीकडं पाहून बोलते, आणि कॉलेजात जायला रस्ता तोच एक आहे. सुटलो असं काही मला वाटत नाही. फास एकीकडून सैल केला, दुसरीकडून आवळला.

पोरगी दाराआडून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी मी बांधीकडं जायला स्कूटर काढली तेव्हा ती आतून काठी घेऊन आली.

बांधीवर ताईनं तिला दोरी दिली आणि जाळी कशी बांधायची ते दाखवलं. पोरगी बांधावर बसून बांधायला लागली. मी शेजारी टेकलो. सवयीनं माझा हात गेला आणि मी दोरीचं टोक ओढून आवळलं. तिनं माझं मनगट धरून हात बाजूला ठेवला.

"राहू द्या बाबा. मी करते."

जाळी झाल्यावर ती उठून बांधीत लांब गेली. पहिला बॉल तिनं माझ्याकडेच फेकला. झपकन सुटला. मी दोन्ही हात पुढं केले, पण जाळं टाकणाऱ्यांच्या घरातल्या माणसाला तो धरता आला नाही. बॉल माझ्यामागं भाताच्या तणसाच्या ढिगात गेला. ती तिथूनच ओरडली, "आणा ना!" आणि मी आणायला निघालो.