मास्तर घराबाहेर पडले

सॅनिटायझरचा वास आला की मिरकरवाड्यातले अरबी शिकवणारे म्हातारे मास्तर आठवतात. मस्कतच्या नोकरीतून सुट्टीवर आलो आणि करोनात घरी अडकलो होतो. शेवटी परतीचं विमान मिळालं ते दुसऱ्याच दिवशीचं, आणि चाचणीच्या रिपोर्टाचं अरबी भाषांतर नसेल तर नोकरी जाणार. रिपोर्ट घेऊन मास्तरांच्या घरी धावलो. खिडकीतूनच कागद वाचून ते म्हणाले, "हा बाबल्या कोण रे?" आमच्या वाडीतल्या नर्सबाईने सवयीने रिपोर्टावर इंग्रजीत माझं घरातलं नाव लिहिलं होतं, सातवीत शाळा सोडलेल्या मला ते दिसलंही नव्हतं. "मास्तर, तुम्ही पासपोर्टावरचं लिवा ना." "गाढवा, मी खोटं लिहू?" म्हणत त्यांनी मास्क चढवला, माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि दवाखान्यातून नाव दुरुस्त करून आणलं, मगच भाषांतराला हात घातला. छातीच्या दुखण्यापायी ते चार महिने उंबऱ्याबाहेर पडले नव्हते, हे आईने सांगितलं तेव्हा मी मस्कतला पोचलो होतो. आजही घरचा फोन आला की आधी त्यांची खुशाली विचारतो, मगच बाकीचं बोलतो.