फूल आल्याशिवाय नाव नाही

चाळीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हणून इमारतीत त्यांना सगळे लिफ्टवालेच म्हणायचे. खरं नाव विचारलं असतं तर शेजाऱ्यांची दातखीळ बसली असती. बायकोला जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी फोनवर "जेवलात का बाबा?" एवढं विचारून मोकळी व्हायची. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि कुण्या दवाखान्यानं टाकून दिलेली माशांची टाकी, एवढाच काय तो पसारा. मासे कधीच मरून गेले होते.

त्या टाकीच्या वाळूतून एक दिवस आपसूक एक रोप वर आलं. लांबट पानं, कडा चुणीदार, खालून तांबूस. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लिफ्टवाल्यांनी भीत भीत विचारलं, तर बाई भिंग घेऊन हजर.

"पानांवरून सांगणं म्हणजे अंदाजपंचे," त्या म्हणाल्या. "पाण्याखाली पानं सतरा सोंगं घेतात. फूल येऊ द्या, मग छातीठोकपणे नाव सांगते. तोवर दर गुरुवारी बघून जाईन."

झालं, लिफ्टवाल्यांची बुधवारपासूनच लगीनघाई सुरू. काच पूस, खुर्ची पूस, शर्टाला इस्त्री कर. बाई यायच्या, पानांच्या शिरा मोजून वहीत टिपायच्या आणि मग तासभर बोलत बसायच्या. जुने विद्यार्थी, दुखरे गुडघे, बिघडलेला रेडिओ, काय वाटेल ते. सहा वर्षांत त्या घरात एवढं कुणी बोललं नव्हतं.

मग कळी आली. देठानं पाण्याबाहेर डोकं काढलं. फूल उमललं की नाव कळणार, आणि नाव कळलं की बाई भिंग उचलून चालत्या होणार. करू नये ते केलं या गृहस्थानं. नखं कापायच्या कात्रीनं कळी छाटली आणि केराच्या डब्यात टाकली. महिन्याभरानं पुन्हा आली, पुन्हा छाटली. बाई आपल्या भाबडेपणानं म्हणायच्या, "लाजाळूच्या नात्यातलं दिसतंय तुमचं झाड."

तिसरी कळी छाटली त्याच दिवशी बाई आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "महिनाअखेरीला बहिणीकडे चाललेय, कायमची. एकटीनं राहणं आता झेपत नाही. पण जायच्या आधी याचं नाव लावणारच. माझ्या हातून ओळखलं जाणारं हे शेवटचं झाड."

लिफ्टवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी डब्यातून कळी शोधून काढली, बाईंच्या तळहातावर ठेवली आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

बाईंनी ती भिंगाखाली धरली. "मिटलेलीच आहे. हिचा काही उपयोग नाही." मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. "अहो, नुसतं 'बसायला या' म्हणाला असतात तरी आले असते की. मला तरी वर कोण होतं?"

महिनाअखेरीला बाई गेल्या. पुढच्या महिन्यात फूल उमललं, पांढरं, तीन पाकळ्यांचं. लिफ्टवाले शर्ट बदलून तिसऱ्या मजल्यावर गेले. दाराला कुलूप होतं. असणारच, हे त्यांना ठाऊक होतं, तरीही त्यांनी बेल वाजवली.