दोन पट्ट्यांचं पाखरू

तायडे गुरुजींनी फोटो हातात घेतला की आधी पाखराचं डोकं अंगठ्याखाली झाकायचं, हे ठरलेलं. मग पाय बघायचे, शेपटी बघायची, उभं राहण्याची ढब बघायची, आणि अंगठा उचलायच्या आत नाव सांगून मोकळं व्हायचं. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "तोंड पाह्यलं की मन फसते भाऊ. पायानं कोनी सोंग नाही करत."

कारंज्यात माझा फोटो स्टुडिओ होता आणि गुरुजी जवळच्या धनज गावात शाळेवर मास्तर होते. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते एस.टी.नं यायचे, ते फक्त पाखरांचे फोटो बघायला. धरणाच्या कामावरच्या एका ओव्हरसियरकडे लांब भिंगाचा कॅमेरा होता. तो रोल माझ्याकडे धुवायला टाकायचा, पण चिमणी-कावळ्यापलीकडे त्याला काही कळत नसे. काळ्यापांढऱ्या फोटोतली ती पाखरं ओळखायचे गुरुजी. पुस्तक घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून अकोल्याच्या वाचनालयात बसून त्यांनी शेकडो चित्रं वहीत उतरवून आणली होती.

बौद्ध घरातले, शिकलेले पहिलेच. शाळेतले बाकीचे मास्तर त्यांना 'पाखरूमास्तर' म्हणून हिणवत. मुंबईची एक संस्था आमच्या भागातल्या पक्ष्यांची यादी करत होती. "त्या यादीत एक तरी नोंद माह्या नावची पायजे," गुरुजी म्हणायचे. "मंग कोन हासते, पाहू."

एका शनिवारी एका फोटोवर त्यांचा अंगठा बराच वेळ तसाच राहिला. मग उचलला. नाव मात्र सांगितलं नाही. "हे साधं पाखरू नाही. आत्ता नाही सांगत, उत्तर आलं की सांगतो." माझ्याच दुकानात बसून त्यांनी मुंबईच्या त्या संस्थेला पत्र लिहिलं, मला न दाखवता पाकिटात घातलं आणि फोटो मोठा करून सोबत पाठवून द्यायला सांगितलं.

मी त्या फोटोवर जीव ओतला. माझा खरा धंदा लग्न जुळवायच्या फोटोंचा. मुलीच्या डोळ्यांखालचा काळेपणा, देवीचे वण, सगळं मी निगेटिव्हवर पेन्सिल चालवून घालवायचो. पाखराच्या छातीवर दोन काळपट ओरखडे दिसले. रोल धुताना पडले असतील असं वाटलं, आणि मी ते भरून टाकले. फोटो असा स्वच्छ आला की मीच खूश झालो.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर आलं. हेडमास्तरांनी ते फोडून सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचलं. पाखरू म्हणजे माळरानावरचा साधा धाविक आहे, दुर्मिळ जातीचे छातीवरचे दोन पट्टे आपण लिहिता तसे फोटोत कुठेच नाहीत, यापुढे नीट बघून लिहावं. मास्तर लोक पोट धरून हसले म्हणे.

शनिवारी गुरुजी तो परत आलेला फोटो घेऊन दुकानात आले. "भाऊ, खरं सांगा. याच्या छातीवर पट्टे होते नं?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. निगेटिव्हवरची पेन्सिल टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसता येते. दहा मिनिटांचं काम. दुसरा फोटो छापून पाठवला असता तर गुरुजींचं नाव लागलं असतं. पण मग गावभर झालं असतं की या स्टुडिओतल्या फोटोंवर पेन्सिल चालते. मुलाकडच्यांनी माझे फोटो परत केले असते.

"मले तर नाही दिसले गुरुजी," मी म्हणालो.

"मी आधी पाह्यला तो लहान फोटो कुठी हाय?"

"ओव्हरसियर साहेब घेऊन गेले." तो माझ्याच खणात होता.

गुरुजींनी दोन्ही डोळे चोळले. "मंग माहे डोयेच गेले म्हना," एवढंच बोलले. पुढच्या महिन्यात चष्मा लावून आले. डॉक्टरनं गरज नाही म्हटलं होतं, तरी यांनी हट्टानं घेतला. निगेटिव्ह मी नंतर जाळली. मला स्वतःची किळस येते, पण तेव्हा ती जाळताना सुटल्यासारखंच वाटलं होतं, हेही लिहिलं पाहिजे.

त्या चष्म्यानंतर गुरुजी आणखी एकदाच आले. ओव्हरसियरचा नवा रोल धुऊन झाला होता. मी मुद्दाम सोपा फोटो पुढे केला. दुकानासमोरच्या तारेवर रोज बसते ती साळुंकी. त्यांनी अंगठा ठेवला, काढला, फोटो उजेडात नेला, चष्मा वर करून पाहिला. मग फोटो काउंटरवर माझ्याकडे सरकवला.

"तुमीच सांगा भाऊ," ते म्हणाले. "साळुंकीच हाय नं?"