आमच्या घरातले लांडगे आणि गडचांदूरची स्नेहल

राईस मिलच्या मागं कोंड्याचा ढीग कोणी मुद्दाम घालत नाही. मिल चालू राहते आणि ढीग आपोआप वाढतो. आमच्या घरी गेमचे किस्से असेच जमले. मी काही कोणाला सांगायला जात नाही, पण नळावर गेले की बायाच विचारतात, "काऊन वो मनीषा, आज लांडग्यानं काय केलं?" मग काय, पाण्यानं भरलेली गुंडी तशीच राहते!

आमचे हे, म्हणजे राकेश, मूल गावच्या राईस मिलमध्ये इलेक्ट्रिशियन आहेत. सकाळची पाळी करून येतात, जेवतात आणि कॉम्प्युटरपुढं बसतात. गेम असा की चहूकडं बर्फ, त्यात एक माणूस अडकलेला. थंडी, भूक आणि लांडगे. त्याला जगवायचं. पण आमच्याकडं त्याला कोणी जगवत नाही, मुद्दाम लांडग्यापुढं उभा करतात! कोणता कोट घातला तर लांडगा किती फाडते, सुटका चाकूनं लवकर होते की कुऱ्हाडीनं, हे टेस्ट करायचं आणि व्हिडिओ टाकायचा. टीम तिघांची. हे, मोबाईल दुरुस्तीवाले पप्पूभाऊ आणि गडचांदूरची स्नेहल. पप्पूभाऊ आमच्याच खोलीत येऊन बसतात. स्नेहल स्पीकरमधून बोलते.

स्नेहलबद्दल मला काही म्हणायचं नाही. आवाज गोड आहे, असो. पण आमच्या इकडं शेंबडं पोरगंसुद्धा "राकेशभाऊ" म्हणून हाक मारते, आणि ही नुसतं "राकेश"! भाऊ नाही, दादा नाही, काहीच नाही.

*

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पोळ्या लाटत होते. खोलीतून बाईचा आवाज आला, "कोट काढ!"

माझा हात थांबला.

"आता स्वेटर काढ! राकेश, लाजून काऊन राह्यला? बनियन पण काढ!"

मी लाटण्यासकट खोलीत! "कोण हाय ते? कोणाले कपडे काढाले सांगून राह्यली?"

ह्यांनी स्क्रीनकडं बोट दाखवलं. बर्फात तो माणूस उघडा उभा, आणि समोरून लांडगा येत होता. "अवं, उघड्या अंगावर लांडगा किती चावते ते पाहून राह्यलो."

पप्पूभाऊ माझ्या हाताकडं बघून म्हणाले, "वहिनी, लाटणं पण टेस्टले ठेवाचं का?"

*

त्या माणसाच्या कपड्यांची किती काळजी म्हणून सांगू! लोकरीचा घालावा की कातड्याचा, आतून एक घालावा की दोन, कोट जड झाला तर पळता येईल का. एका कोटावर अख्खी दुपार जाते.

थंडीत मी म्हटलं, मलाही एक स्वेटर पायजे. मूलच्या बाजारात गेलो. हे मोबाईलमध्ये डोकं घालून उभे. मी हिरवा दाखवला, "चांगला हाय." लाल दाखवला, "चांगला हाय." दुकानदाराच्या अंगातला दाखवला, तरी "चांगला हाय!"

मला असा राग आला! मी मोठ्यानं दुकानदाराला विचारलं, "भाऊ, लांडगा चावला तर टिकन का हा?"

त्या बिचाऱ्यानं स्वेटर उलटून शिवण पाहिली. मग म्हणाला, "बाई, धुतल्यावर टिकन का नाई, हेच मले सांगता येत नाई!"

*

ती दिसते कशी, हे मला समजायला पाहिजे होतं. ह्यांना विचारायची सोय नव्हती. विचारलं की हे हसणार. एक दिवस पप्पूभाऊ एकटेच लवकर आले. मी चहा दिला. चहात साखर जास्त टाकली होती.

"पप्पूभाऊ, खरं सांगजा. कशी हाय ते स्नेहल?"

"हुशार हाय."

"ते नाई वो. दिसाले?"

पप्पूभाऊंनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, बराच विचार केला. "वहिनी, खोटं काऊन बोलू? मी तिले गेममधल्या अस्वलाच्या कोटातच पाह्यलं!"

*

सासूबाई पोंभुर्ण्याकडच्या. लहानपणापासून मोहफुलं वेचायला जंगलात गेलेल्या. एकदा तांदूळ निवडत त्या मागं बसून सगळी टेस्ट बघत होत्या. त्या माणसाला लांडग्यानं पाडलं. ह्यांनी कुऱ्हाड देऊन त्याला परत पाठवलं. पुन्हा पाडलं. मग सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, देऊन पाठवलं.

"काऊन रे बाबू, हा एकटाच काऊन जाते जंगलात?" सासूबाईंनी विचारलं. "आमी बाया तर टोळीनं जावो. बोलत, हाका मारत. एकटं कोणी जाते का?"

"आई, गेममधी टेस्टले एकच माणूस पाठवा लागते."

"त्याच्या घरी कोणी नाई का सांगाले?"

"नाई."

सासूबाईंनी सुपातला खडा बाजूला टाकला आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, "मंग बायकोशी भांडूनच निंगाला असन!"

*

आता परीचं. माझी पोरगी, अंगणवाडीत जाते. चंद्रपूरकडचं ऊन काय असते ते मी सांगायला नको. डांबर पायाला चिकटते. अशा उन्हात अंगणवाडीच्या बाई मला म्हणाल्या, "मनीषा, पोरगीले ताप हाय का? स्वेटर काढूच देत नाई."

मला तसंही परी शिंकली तरी झोप लागत नाही. धावत आत गेले. पोरगी घामानं निथळून राहिली आणि स्वेटर दोन्ही हातांनी धरून बसलेली!

"काढ बाई, काढ!"

"नाई! पातळ फ्रॉकवर लांडगा जास्त चावते!"

घरी येऊन मी हे सांगितलं, तर ह्यांच्या आधी स्पीकरच हसला. "वा रे परी! तुझ्या बापापेक्षा लवकर शिकली!"

आणि माझी पोरगी, जिला मी नऊ महिने पोटात वागवली, ती स्पीकरकडं धावत गेली आणि म्हणाली, "मावशी, तू कधी येशील?"

त्या दिवशी भाजीत मीठ किती पडलं, मला आठवत नाही. ह्यांना आठवते.

*

एकदा मीही खेळले. तिला जमते तर मला काऊन नाही जमणार? सातवीपर्यंत तर मीही शिकले! इंग्रजी अक्षरं थोडी अडतात, पण चित्रं दिसतात. हे म्हणाले, "बरं, खेळ."

मी त्या माणसाला पहिले एका झोपडीत नेला, दार लावलं आणि आत बसवून ठेवला.

"वहिनी, बाहेर काढा त्याले," पप्पूभाऊ म्हणाले.

"बाहेर लांडगे हायेत."

"म्हणून तर काढाचा हाय!"

"नाई." मी ऐकलंच नाही. थोड्या वेळानं स्क्रीन काळी झाली.

स्नेहल म्हणाली, "मनीषाताई, उपाशी मेला तो!"

मी म्हटलं, "लांडग्यानं तर नाई ना खाल्लं!"

मला ताई म्हणते, बघा. ह्यांना मात्र राकेश.

*

आणि आता गडचांदूरचं. तिघांनी एकाच खोलीत बसून मोठा व्हिडिओ करायचा ठरला, स्नेहलच्या घरी. हे नवीन शर्ट इस्त्री करायला लागले तेव्हा मी हातातलं काम टाकून उठले. मी सासूबाईंना सांगितलं, मीही जाते. मला दुसरं काही पाहायचं नव्हतं. हा माणूस माझा आहे की त्या आवाजाचा, एवढंच एकदा डोळ्यानं पाहायचं होतं. बरं असो की वाईट.

लग्नातल्या शालूच्या खालोखालची साडी नेसले, परीला कडेवर घेतलं, आणि गेलो.

स्नेहल स्टँडवर घ्यायला आली होती. काय सांगू, चांगलीच होती! उंच, केस मोकळे. ह्यांना बघून हसली आणि "राकेश!" म्हणून हात मिळवला. मला नमस्कार केला. सिमेंट कारखान्याच्या धुळीनं तिकडं झाडंसुद्धा पांढरी, पण हिच्या ड्रेसवर एक डाग नाही. गल्लीतून घराकडं निघालो. ती आणि हे एका बाजूनं, खांद्याला खांदा लावून. कोट, कातडं, चाकू, सगळं सुरू. मी आणि परी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं. पप्पूभाऊ मधोमध. ह्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. मी परीची टोपी सारखी करायच्या निमित्तानं पदराला डोळे पुसले.

तेवढ्यात एका फाटकातून कुत्रं सुटलं. काळं, वासराएवढं, दात काढून थेट आमच्यावर!

जगातल्या सगळ्या लांडग्यांवर सगळी हत्यारं टेस्ट केलेली ही टीम! पप्पूभाऊ कोणाच्या तरी कंपाउंडवर चढले. स्नेहल "हलू नका! हलू नका!" ओरडत स्वतः गोल गोल फिरली. आणि मला काही समजायच्या आत माझ्या पदराला मागून हिसका बसला. हे! रस्ता ओलांडून, कुत्र्याच्या नाकासमोरून पळत येऊन माझ्या पाठीमागं! दोन्ही मुठींत माझी साडी.

परी कडेवर होती, तेव्हा माझा आवाज कुठून आला माहीत नाही. "हाड! हाड म्हणतो ना! चाल!"

कुत्रं थांबलं. माझ्याकडं पाहिलं, एकदा भुंकलं आणि मागल्या पावली फाटकात गेलं.

पप्पूभाऊ वरूनच विचारत होते, "गेलं का?" स्नेहलनं केस मागं केले. ह्यांच्याकडं बघितलं. मग मधला मोकळा रस्ता बघितला.

"राकेश, मी तर तुझ्या बाजूलेच होती. कुत्र्याच्या समोरून इतक्या दूर तिकडं काऊन पळाला?"

ह्यांनी माझी साडी सोडली नाही. माझ्या खांद्यावरून नुसतं डोकं बाहेर काढलं.

"टेस्ट केलेलं हत्यार सोडून कोणी नवीन घेते का?"